डावीकडची भाकरी

हिंदुरावांशी माझं पहिलं बोलणं झालं ते भांडणाचं. तेही एका पोत्यावरून.

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी उभी होती. साल सत्तावन्न. शिमगा नुकताच होऊन गेलेला, ऊन तापायला लागलेलं. अप्पा आणि मी बाजारात वांगी घालून परत वरकुट्याला निघालो होतो. अप्पा म्हणजे माझे वडील. ते खाली उभे राहून दत्तोबा आडत्यांशी बोलत होते आणि मला त्यांनी जागा धरायला पुढं पाठवलं होतं. गाडी गच्च. खिडकीजवळची एकच जागा मोकळी दिसली… आणि तिच्यावर एक पोतं बसलेलं. हो, बसलेलंच. तोंडाला सुतळी, अंगाभोवती टॉवेल, एखाद्या आजारी पाहुण्यासारखं.

"हे पोतं कुणाचं?" मी विचारलं.

"माझं." शेजारच्या जागेवरून आवाज आला. चष्मा, पांढरा सदरा, आणि अंगकाठी अशी की शेवग्याची शेंग उभी करावी.

"खाली ठेवा की. मला बसायचंय."

"खाली ओल आहे. ठेवता यायचं नाही. त्यात… प्रयोग आहे."

"काय हाय?"

"प्रयोग."

"मग प्रयोगाचं तिकीट काढलंय का?"

आख्खी गाडी हसली. कंडक्टर तर एवढा हसला की त्याच्या हातातला तिकिटांचा पेटारा वाजला. ते मात्र लाल झाले, चष्मा वर सारला आणि काही न बोलता उठले. मी बसले, पोतं बसलं आणि ते उभे राहिले. पार निमगावच्या फाट्यापर्यंत.

रस्ता तेव्हा कसला… खड्डे जोडून केलेला. प्रत्येक हिसक्याला त्यांचा हात स्वतःला सावरायच्या आधी पोत्याकडे जायचा. दोन-तीनदा पाहिलं, मग मला राहवलं नाही. मी पोत्यावर हात टाकून त्याला धरून बसले. मान बाहेर वळवली होती, तरी ते बघतायत हे मला कळत होतं. कानाच्या पाळीला ऊन लागावं तसं कळतं ते.

फाट्यावर आम्ही उतरलो, तसे तेही उतरले.

"कुठं जायचं म्हनायचं पाव्हनं?" अप्पांनी विचारलं.

"वरकुट्याला."

"आमचंच गाव की! टाका पोतं गाडीत." आमची बैलगाडी फाट्यावर थांबलेलीच होती. "नाव काय तुमचं?"

"हिंदुराव."

एवढं भारदस्त नाव आणि एवढा बारका माणूस! मी पदर तोंडाशी धरला. त्यांनी पाहिलं.

"हसा," ते हळूच म्हणाले. "सगळेच हसतात. माझी आईसुद्धा हसते."

गाडीत बोलता बोलता कळलं, की घर त्यांचं बारामतीच्या पल्याड, नीरेच्या कालव्याकाठी. उसाची शेती. हे शिकून पुण्याला बियाणांच्या एका संस्थेत लागलेले. पोत्यात जोंधळा होता, नव्या जातीचा.

"म्हंजे गेल्या साली ते भाकरीवालं सायेब आलं हुतं, त्यातलंच का तुमी?" अप्पांनी विचारलं.

"त्यांच्याच हाताखालचा. तोच प्रयोग पुन्हा करायचाय."

अप्पांचा चेहरा असा फुलला, की उद्या सगळं गाव भांग पाडून बसणार हे मी तेव्हाच ओळखलं.

गेल्या सालची गोष्ट अशी झाली होती. एक मोठे साहेब जीपमधून आले होते. शाळेच्या पडवीत त्यांनी गावच्या बायकांना एकेक करून बसवलं आणि पुढ्यात दोन ताटल्या ठेवल्या. एकीत आमच्या शाळूची भाकरी, एकीत त्यांच्या नव्या जोंधळ्याची. दोन्ही एकाच बाईच्या हातच्या, म्हणजे फरक असला तर धान्याचाच. कुठली कुठं ते सांगायचं नव्हतं. बाईनं दोन्हींचा घास घ्यायचा आणि चांगली कुठली ते सांगायचं, एवढंच. पण साहेबांचा चेहरा काही झाकलेला नव्हता. कुणी 'डावी' म्हटलं की ते खुलायचे, 'वा वा' म्हणायचे. कुणी 'उजवी' म्हटलं की भुवया वर करून विचारायचे, "नक्की?" संध्याकाळपर्यंत आख्ख्या गावाला समजलं, की डावी म्हणजे सरकारची.

आणि पाहुणा आपलं ताट पुढं करतोय, त्याला ते वाईट कसं म्हणायचं? तशी आमच्यात रीतच नव्हती. त्यात कालव्याच्या पाटाचं पाणी आमच्या शिवारात अजून आलं नव्हतं. सरकार खूश झालं तर पाट पुढं सरकेल, असं कुणीतरी बोललं, आणि बायकांनी ते पक्कं धरलं.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते प्रयागआत्यानं. हिंदुराव आल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेकडे जाताना ती माझ्या कानाशी लागली. "विजू, आठवतंय न्हवं? डावी म्हन. डावीला पाट हाय."

माझी पाळी आली तेव्हा पडवीत हिंदुराव एकटेच होते. बोटांना पीठ लागलं होतं म्हणून चष्मा मनगटानं वर सारत होते. मी समोर बसले.

"आज जागा मिळाली का बसायला?" त्यांनी विचारलं.

"मिळाली. आज पोतं आलं न्हाय वाटतं?"

"पोतं आज ताटलीत आहे."

मी डावीकडचा तुकडा खाल्ला. मग उजवीकडचा. खरं सांगायचं तर मी चव बघतच नव्हते. त्यांचा चेहरा बघत होते. गेल्या सालच्या साहेबांचा चेहरा उघड्या पुस्तकासारखा होता. ह्यांचं काही कळेना. नुसते बघत होते… डोळे शांत, जरा थकलेले.

"डावी," मी म्हटलं.

"नक्की?"

'नक्की?' म्हणजे चुकलं, हे मला गेल्या सालापासून पाठ होतं. मी गडबडले. "नायतर… उजवी?"

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. हसले नाहीत. जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा तुम्ही. झालं."

मी पडवीच्या पायऱ्या उतरले. एवढी स्थळं बघून गेली, एवढ्यांपुढं पाटावर बसले, पण आपण नापास झालो असं कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या पलीकडच्या वाडीवर गेले. तिथं आजवर कुठला साहेब गेला नव्हता. आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच ते आमच्या रानात आले. मी वांगी तोडत होते. विहिरीवर अप्पांची मोट चालू होती. चाकाची करकर आणि बैलांना घातलेल्या हाका वाफ्यापर्यंत ऐकू येत होत्या.

"तुम्हाला एक सांगायचंय," ते बांधावरूनच म्हणाले. "सांगितल्याशिवाय जाववेना."

"सांगा की."

"परवा दोन्ही ताटल्यांत एकच भाकरी होती."

माझा हात देठावरच थांबला. "म्हंजे?"

"एकाच भाकरीचे दोन तुकडे. गेल्या साली वरकुट्यात बहुतेक सगळ्या बायकांनी एका सुरात डावी म्हटलं, ते मला जरा… जास्तच गोड वाटलं होतं. म्हणून करून बघितलं. तुमच्या गावानं परवाही डावीच सांगितलं. वाडीवर मात्र कुणी ही म्हणालं, कुणी ती. फुलाबाई म्हणून एक म्हातारी आहे ना? तिनं दोन घास खाल्ले आणि मला म्हणाली, 'दोन्ही येकच हायेत की रं लेकरा, डोकं फिरलंय का तुजं?'"

एरवी मी हसले असते. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हंजे तुमी भाकरीची न्हाय, आमची परीक्षा घेतली! आमाला फसवलं!"

"घेतली. आणि फसवलंही."

"वर तोंड करून सांगताय?"

"म्हणून तर सांगायला आलो. साहेबांना सांगायच्या आधी तुम्हाला."

"का? मी कोन तुमची?"

ते काहीतरी करायचं म्हणून वाफ्यात वाकले, एक वांगं ओढलं… आणि "अगं आई गं" म्हणून हात झटकला. वांग्याच्या देठाला काटे असतात, हे उसाच्या गावच्या माणसाला कोण सांगणार?

"असं न्हाय ओढायचं," मी म्हटलं. राग होताच, पण हात पुढं गेला. त्यांच्या अंगठ्यातला काटा बारीक होता, नखानं काढावा लागला. त्यांचा हात गार होता. काटा निघाला तरी मी तो लगेच सोडला नाही.

"मला एवढंच बघायचं होतं," ते हळू आवाजात म्हणाले, "की माणूस एकदा प्रयोगाला बसला की दुसऱ्या वेळी तो कोरा राहतो का. नाही राहत. विचारणाऱ्याला काय हवंय ते तो शिकतो, आणि तेच त्याच्या हातात ठेवतो. त्यात लबाडी नसते, उलट… माया असते बहुतेक. पण मग खरं कुठं शोधायचं?"

"कोरं कोन राहतंय?" मी म्हटलं. "तुमी आमाला दोनदा विचारलं. मला तर दर साली कुनी ना कुनी विचारून जातंय."

"काय?"

"पहिलं स्थळ आलं तवा मी सातवी पास झाले हुते. त्या लोकांनी विचारलं, 'सैपाकाची आवड हाय का?' मी म्हनलं, 'पुस्तक वाचायची हाय.' उठून गेले! आत्यानं मला आठवडाभर बोल लावले. मग मी शिकले. माणूस दारात चपला काढतंय तवाच मला कळतं, त्याला काय ऐकायचंय. सासूला 'व्हय' ऐकायचं असतं. सासऱ्याला काहीच ऐकायचं नसतं. आणि मुलाला…" मी थांबले.

"मुलाला?"

"मुलाला फक्त बघायचं असतं. मग मी खाली बघते."

मोटेचं पाणी पाटात सुटलं. आमच्या पायांशी येऊन वाफ्यात शिरलं. दोघांपैकी कुणीच बाजूला झालं नाही.

"आणि खरं कधी बोलता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"कुनी खरं विचारलं तर."

"मी विचारतोय. तुम्हाला काय करायचंय?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. अप्पांनीसुद्धा नाही. "मला ट्रेनिंगला जायचंय," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "मास्तरीण व्हायचंय. पोरींना शिकवायचंय. हे कुनाला सांगू नका."

"नाही सांगत." मग जरा थांबून, डोळ्यांत हसू आणून, "आणि माझा जोंधळा? तोही आता खरा सांगा. पहिल्या रात्री तुमच्या घरी जेवलो, तेव्हा त्याचीच भाकरी केली होती आत्यांनी."

"सांगू? रागावनार न्हाय?"

"रागावलो तर परत काटा टोचा."

"पेंड खाल्ल्यावानी लागतोय."

ते एवढे मोठ्यानं हसले की विहिरीवरून अप्पांनी मान वळवली. "चांगला माणूस दिसतोय," मी पेंडीचं सांगितल्यावर अप्पा जेवताना म्हणाले. "पेंड म्हनलीस तरी हसतोय."

त्याच दुपारी ते पुण्याला गेले. बारामतीहून दौंडची छोटी रेल्वे, तिथून पुढं. जाताना काही बोलले नाहीत. फाट्यावर अप्पा सोडायला गेले होते. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. बैलगाडीच्या मागच्या बाजूला बसून ते आमच्या घराकडे तोंड करून गेले… लिंबाचं झाड आडवं येईपर्यंत.

चैत्र गेला. मला काय झालं होतं ते मलाच कळेना. वांगी तोडताना देठाकडे बघत राहायची. फाट्याकडून कुणी पांढऱ्या सदऱ्याचं येताना दिसलं की हंडा डोक्यावर तसाच घेऊन उभी राहायची. आत्या म्हणायची, "पोरीला दिष्ट लागली." तिनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. त्यानं काय होणार?

अशात इंदापूरचं एक स्थळ बघायला आलं. किराणा दुकान, पक्कं घर, माणसं बरी. आणि मी पाटावर बसले ती शिकल्यासारखी बसले. सैपाक? व्हय. शिवण? व्हय. माणसांचा राबता सोसंल का? व्हय. एकदाही मान वर केली नाही. ते लोक चहा पिऊन गेले आणि चार दिवसांत त्यांचा निरोप आला, पोरगी पसंत आहे.

आत्यानं साखर वाटली. मी मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासत. माझं 'व्हय' एवढं बेमालूम झालं होतं की त्यानंच मला बांधून टाकायला घेतलं होतं.

पण अप्पा लगेच सुपारी फोडेनात. बाजारच्या दिवशी दत्तोबा आडत्यांनी त्यांना बारामतीत गाठलं होतं.

"दत्तोबा आनखी एक स्थळ म्हनत्यात," अप्पांनी ओसरीवर बसत सांगितलं. "ते जोंधळ्यावालं हिंदुराव. त्यांची आई येतोय म्हनतीय बघायला."

माझ्या हातातलं ताट वाजलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग परत माझ्याकडे.

"अगं बया," ती म्हणाली. "म्हंजे दिष्ट ही व्हय!"

त्या दिवसापासून तिनं मला पढवायला घेतलं. "त्यांची आई कुशाबाई लई कडक हाय म्हनत्यात. नवरा गेल्यावर एकटीनं ऊस पिकवला. थोरल्या दोन सुना तिच्यापुढं उभ्या ऱ्हात न्हाईत. ती इचारंल त्याला व्हय म्हन, बास. तुला येतंय की सगळं. आन् हितं फिसकटलं तर इंदापूर पक्कं, हे ध्येनात ठेव."

ते मी विसरले कुठं होते? पण मला भीती त्याची नव्हती. मला भीती होती ती त्या शांत डोळ्यांची. त्यांनी मला एकदा 'डावी… नायतर उजवी' म्हणताना पाहिलं होतं. आता त्यांच्यासमोर पाटावर बसून मी 'व्हय' म्हणणार… आणि ते मनातल्या मनात पेन्सिल खाली ठेवणार. शिकवलेलं 'व्हय' आणि खरं 'व्हय' ऐकायला एकसारखीच की! एकाच भाकरीचे दोन तुकडे. त्यांना कसं कळावं, कुठलं कुठलं?

ते लोक आले त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. नुसता वारा. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. कुशाबाई मधोमध बसल्या. कपाळ मोकळं, मनगटं रुंद, नजर अशी की समोरच्याचं वजन करावं. एका बाजूला दत्तोबा. दुसऱ्या बाजूला हिंदुराव, नवा सदरा घालून. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि पाटावर बसले. पदर डोक्यावर, नजर खाली. सवयीनं.

"नाव काय पोरी?"

"विजयमाला."

"शिकलीस?"

"सातवी पास."

"सैपाक?"

"येतो."

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. आत्या दाराआड उभी राहून वारा घेत होती, तिचा पंखा एका तालात हलत होता.

मग कुशाबाई जरा पुढं झाल्या. "हे बघ. आमच्यात उसाचं रान. सुना रानात जात्यात, मी बी जाते. गुऱ्हाळ लागलं की वीस-पंचवीस मानसांच्या भाकरी. ह्यो पुन्याला नोकरी करतोय, करू द्या. पर बायको घरी माझ्यापाशी ऱ्हानार. जमंल का?"

'व्हय' माझ्या जिभेवर आलंच होतं. इतकी सवय. पण त्या क्षणी मी मान वर केली. हिंदुराव माझ्याकडे बघत नव्हते. ते खाली, घोंगडीच्या काठाकडे बघत होते. हाताची मूठ घट्ट. माझं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं आणि ते ऐकवत नव्हतं, असं बसले होते ते.

"भाकरी थापीन," मी म्हटलं. "वीस मानसांच्या थापीन, पंचवीसच्या थापीन. पर बाकी… न्हाय."

आत्याचा पंखा थांबला.

"काय न्हाय?" कुशाबाई म्हणाल्या.

"मला ट्रेनिंगला जायचंय. मास्तरीण व्हायचंय. रानात नुसतं राबायचं, तर ते मला जमायचं न्हाय."

अप्पा खाकरले. दत्तोबांनी तोंडाजवळ नेलेला पोह्यांचा चमचा तसाच परत बशीत ठेवला. बाहेर वाऱ्यानं कडब्याची पेंढी पडली, तिचा आवाजसुद्धा मोठा वाटला.

"आधी जी मानसं येऊन गेली," कुशाबाई सावकाश म्हणाल्या, "त्यांना बी असंच सांगितलंस का?"

"न्हाय. पहिली सोडली तर समद्यांना व्हय म्हनले."

"मग मलाच का गं न्हाय?"

डोळ्यांत पाणी येऊ पाहत होतं. पण आता सुरुवात केली होती… आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता मी आपल्याच मनाकडे बघून बोलले.

"कारन तुमच्यात नांदायचं माझ्या मनात हाय. जितं नांदायचं मनात नव्हतं… तितं व्हय म्हनायला माझं काय जात हुतं?"

हिंदुरावांनी मान वर केली होती. त्यांचा चष्मा घसरला होता आणि तो वर सारायचं त्यांना सुचत नव्हतं.

कुशाबाईंनी मला बराच वेळ न्याहाळलं. मग त्यांचं ते रुंद तोंड एका कडेनं हललं.

"दत्तोबा," त्या म्हणाल्या, "थोरल्या दोघींना बघायला गेले हुते, तवा गोधडीवानी मऊ व्हत्या. रानात जाशील? व्हय. धार काढशील? व्हय. आता घरात रोज न्हाय ऐकते. पान्याला जा, न्हाय. रानात चल, न्हाय. येकीनं तरी आधी सांगावं का न्हाय?" त्यांनी पोह्यांची बशी उचलली. "ही आधीच सांगतीय. बरं हाय की. पुढं ऐकायचं राहिलं न्हाय काही."

"पर ते ट्रेनिंग…" अप्पा चाचरले.

"ट्रेनिंगचं काय, ह्यो तितं पुन्यातच खानावळीत जेवून वाळलाय. दोघं बी ऱ्हावा तितं. सुगीला मातुर घरी यायचं." मग माझ्याकडे वळून, आवाज चढवून, "सुगीला व्हय म्हन. तेवडं तरी म्हन."

"व्हय," मी म्हटलं.

"खरं?"

"खरं."

आत्यानं दाराआडूनच हुंदका दिला, की हसली, ते मला आजवर कळलेलं नाही. अप्पा उठून उगाचच बैलांकडे गेले. इंदापूरच्या माणसांना द्यायचा होकार आदल्याच बाजारी थांबवून ठेवला होता त्यांनी, हे मला पुढं कळलं. कडक असल्याचा आव आणायचे, पण ताट वाजलेलं त्यांनीही ऐकलं होतं.

निघायची वेळ झाली. दत्तोबा आणि कुशाबाई गाडीत बसले. हिंदुराव चप्पल शोधतोय म्हणून मागं राहिले. चप्पल त्यांच्या पायातच होती.

मी पाण्याचा तांब्या आत नेत होते. ते दारात आडवे आले. वाऱ्यानं माझा पदर फडफडत होता, तो मी एका हातानं धरला होता, दुसऱ्या हातात तांब्या. पळायला जागा नव्हती. आणि पळायचं कुणाला होतं?

"मघाशी आईला सांगितलंत," ते म्हणाले. "इथं आता कुणी नाही. मला सांगा."

"काय?"

"तुम्हाला मी… म्हणजे पोतं, प्रयोग, आईचं ते गुऱ्हाळ, हे सगळं सोडून… नुसता मी. पसंत आहे का?"

"आईला सांगितलं ते ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं. पण ते घराबद्दल होतं."

गाडीवरून कुशाबाईंची हाक आली. ते हलले नाहीत. एवढा प्रयोग करणारा माणूस, पण चेहरा झाकायचा विसरला होता. डोळे, ओठ, घसरलेला चष्मा… सगळं एकच शब्द मागत होतं.

मी तांब्या खाली ठेवला. हात वर केला आणि तो चष्मा नाकावर सरळ करून दिला. असं त्या काळी कुणी करत नसे, आणि दारात तर नाहीच.

"तुमाला काय ऐकायचंय ते तुमच्या तोंडावर लिहिलंय," मी म्हटलं. "ते दिसतंय मला. आणि दिसत असूनसुद्धा… माझं उत्तर तेच हाय."

"काय?"

"व्हय."

त्यांनी विचारलं नाही, 'नक्की?' म्हणून. नुसते हसले आणि उलट्या पावलांनी गाडीपर्यंत चालत गेले.